वळिवड्याच्या पोलिशांसाठी कोण कोण धडपडलं?

"दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा दिला." ही पोस्ट वर्षातून दोन-तीनदा तरी आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर येते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी अभिवादन केलं, तेव्हा तर आठवडाभर दुसरं काही दिसत नव्हतं. अभिमान वाटण्यासारखीच गोष्ट आहे. पण मंडळी, एक साधा प्रश्न विचारू का? कोणते महाराज?

कारण छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. १९४२ साली जे दत्तक बाळ गादीवर बसवलं, ते वळिवड्याला पहिले पोलिश उतरले तेव्हा, म्हणजे जून १९४३ मध्ये, दोन वर्षांचंही नव्हतं. कारभार रीजन्सीकडे होता आणि रीजन्सीवर ब्रिटिश रेसिडेंटची नजर. म्हणजे दरबारात बसलेल्या राजाचं मन द्रवलं आणि त्यानं दारं उघडली, असं चित्र काही जुळत नाही.

मग दारं उघडली कुणी? याचं उत्तर एका नावात सापडत नाही. कुणी पत्रं लिहिली, कुणी पैसे गोळा केले, कुणी हमी दिली, कुणी जमीन दिली, कुणी सरकारी फायलीच्या मागे लागलं. कोल्हापूर संस्थानानं जागा दिली हे खरंच आहे, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण ती या साखळीतली एक कडी. ही सगळी साखळी बघितली तर आजच्या काळासाठी त्यात बरंच काही सापडतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीनं वाचा.

सुरुवात पोलंडपासून. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून हल्ला केला हे शाळेत शिकवलेलं असतं. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत घुसल्या, हे मात्र बरेचदा राहून जातं. पूर्व पोलंड सोव्हिएतांच्या ताब्यात गेलं. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार लाटांमध्ये तिथल्या लोकांना घरातून उठवून मालगाडीच्या डब्यांत घातलं आणि सायबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तान इकडे पाठवलं. शेतकरी, शिक्षक, जंगलखात्यातले नोकर, पोलिसांच्या बायका-मुलं. सोव्हिएत कागदपत्रांवरून हा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघतो, जुने पोलिश अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत. लाकूडतोड, उपासमार, टायफस. किती मेले याचा नेमका हिशेब नाही.

जून १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि एका रात्रीत गणित बदललं. लंडनमध्ये बसलेलं पोलंडचं निर्वासित सरकार आणि मॉस्को यांच्यात जुलै १९४१ मध्ये करार झाला आणि या लोकांना 'माफी' मिळाली. काही गुन्हाच केला नव्हता त्यांना माफी! पण त्या शब्दामुळे छावण्यांची फाटकं उघडली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं, आणि सैन्याच्या मागे त्यांच्या बायका, म्हातारे आईबाप, अनाथ पोरं दक्षिणेकडे निघाली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे एक लाख पंधरा हजार माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यातली साधारण एक तृतीयांश नागरिक होती.

आता या लोकांना घेणार कोण? इराणमध्ये धान्याची टंचाई. ब्रिटनला सैनिक हवे होते, सैनिकांची कुटुंबं म्हणजे डोक्याला ताप. भारतात तर विचारूच नका. जपानी ब्रह्मदेशात पोचले होते, काँग्रेस आणि सरकार यांच्यात ठिणग्या उडत होत्या, महागाई वाढत होती. दिल्लीच्या सचिवालयात कुणालाही नवे पाहुणे नको होते.

इथे मुंबईतल्या एका बाईचं नाव घ्यावं लागतं. किरा बनासिन्स्का. मुंबईतल्या पोलिश कॉन्सुल जनरलच्या पत्नी आणि पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी. १९४१ च्या अखेरीला त्यांच्या पुढाकारानं मुंबईहून ट्रकांचा एक ताफा निघाला. औषधं, कपडे, खाण्याच्या वस्तू भरून तो क्वेट्ट्यावरून, इराणमधल्या झाहेदान आणि मशहदमार्गे थेट सोव्हिएत हद्दीतल्या अश्गाबादपर्यंत गेला. आणि परत येताना रिकामा आला नाही. अनाथाश्रमांतून गोळा केलेली पोलिश मुलं त्यात बसवून आणली. एप्रिल १९४२ मध्ये ही पहिली मुलं मुंबईत पोचली. काही महिने वांद्र्याला राहिली.

ट्रक पाठवणं एक वेळ सोपं. मुलांना देशात ठेवून घ्यायचं तर सरकारचा पहिला प्रश्न असतो: खर्च कोण करणार? या प्रश्नाचं उत्तर तयार करायला जी माणसं धावली, त्यांत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी सगळ्यात पुढे. क्रिकेटवाले रणजितसिंहजी यांचे ते पुतणे. त्या वेळी ते नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर होते आणि १९४२ मध्ये ब्रिटनच्या युद्धमंत्रिमंडळात संस्थानांचे प्रतिनिधी म्हणून लंडनला गेले होते. म्हणजे नुसता दयाळू राजा नाही, ज्याचा शब्द दिल्लीत आणि लंडनमध्ये ऐकला जाईल असा माणूस. त्यांनी जामनगरजवळ बालाचडीला, समुद्रकाठी, मुलांसाठी जागा दिली. इतर संस्थानिकांनाही खर्चात ओढलं. मुंबईच्या कॅथलिक आर्चबिशपांची साथ मिळाली, टाटांसारख्यांनी हातभार लावला, पोलिश मुलांसाठी निधी उभा राहिला. जुलै १९४२ मध्ये बालाचडीची छावणी सुरू झाली.

म्हणजे क्रम असा: आधी कुणीतरी मागणी केली, मग कुणीतरी हमी दिली, मग पैशाची सोय दाखवली, आणि मग सरकारनं 'हो' म्हटलं. सरकार आपणहून कधी 'हो' म्हणत नाही. तालुक्याच्या गावात वीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गावच्या पुलाचंसुद्धा तसंच असतं.

एकदा दार किलकिलं झालं की पुढचं थोडं सोपं जातं. इराणमधल्या कुटुंबांना कुठे कुठे पाठवलं बघा: पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत. भारतात कुटुंबांसाठी मोठी छावणी बांधायची ठरली ती कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला. हवा चांगली, पंचगंगा जवळ, कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग लागून. खर्च लंडनच्या पोलिश सरकारच्या खात्यातून, जमीन संस्थानाची, परवानगी भारत सरकारची. कराचीच्या तात्पुरत्या छावणीतून आगगाड्या इकडे येऊ लागल्या आणि बघता बघता पाच हजारांच्या आसपास वस्ती झाली.

बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष म्हणजे म्हातारे किंवा आजारी, धडधाकट होते ते अँडर्सच्या सैन्यात. लांबच लांब बराकी, एकेका कुटुंबाला खोल्या, पुढे व्हरांडा. लोक आपापलं शिजवून खायचे, त्यासाठी भत्ता मिळायचा. प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंत शाळा, दवाखाना, चर्च, अनाथ मुलांसाठी वेगळी सोय, नाटकं, सिनेमा, स्काउटची पथकं. सायबेरियात दोनेक वर्षं वाया गेलेल्या पोरांनी इथे बसून परीक्षा दिल्या. भाजीवाले आणि दूधवाले मोडकंतोडकं पोलिश बोलू लागले, पोलिश बायका मराठीत भाव करू लागल्या, अशा आठवणी दोन्हीकडची जुनी माणसं सांगत आली. काही मुलींनी इकडच्या तरुणांशी लग्नं केली आणि त्या इथल्याच झाल्या. काही लोक इथेच मातीआड गेले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत.

मे १९४४ मध्ये इटलीत मॉन्टे कॅसिनोचा मठ पोलिश सैनिकांनी जिंकला. त्या टेकडीवर पडलेल्या सैनिकांच्या घरच्यांना तार गेली ती जगभरच्या छावण्यांत, वळिवड्यातही. वॉर्साचं कोल्हापूर स्मारक मॉन्टे कॅसिनोच्या स्मारकाजवळ उभं केलंय, ते उगीच नाही.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या पोस्टमध्ये असते. पुढचा भाग सहसा नसतो, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तिघे मोठे बसले आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देऊन टाकलं. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं नेमकी त्याच पट्ट्यात. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या, मॉस्कोच्या आशीर्वादानं बसलेल्या सरकारला दिली. युद्ध जिंकलं, आणि वळिवड्यातल्या बाईच्या हातातला कागद एका दिवसात रद्दी झाला. ज्या सरकारनं तो दिला होता ते सरकारच उरलं नाही. भत्ता कोण देणार? परत पाठवलं तर कुठे? ज्यांनी सायबेरियात धाडलं त्यांच्याच हाताखाली?

छावणी तीच, बराकी त्याच, कोल्हापूरकरांचं प्रेम तेच. तरी माणसं अधांतरी. प्रेमानं पोट भरतं, पण पासपोर्ट मिळत नाही.

इथून पुन्हा धडपड सुरू झाली. छावणीची जबाबदारी आधी ब्रिटिशांनी नेमलेल्या तात्पुरत्या समितीकडे, मग संयुक्त राष्ट्रांच्या 'उन्रा' या मदतसंस्थेकडे आणि शेवटी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. 'उन्रा'चा कल लोकांना मायदेशी परत पाठवण्याकडे होता. बहुतेकांनी नकार दिला. बालाचडीच्या अनाथ मुलांवर तर नव्या पोलिश सरकारनं हक्क सांगितला. तेव्हा जामसाहेब, छावणीतले पोलिश धर्मगुरू आणि एक ब्रिटिश अधिकारी अशा तिघांनी मिळून त्या मुलांचं दत्तकपत्रच केलं. मुलांना मनाविरुद्ध पाठवता येऊ नये म्हणून. त्या दयाळू राजालाही शेवटी कागदच करावा लागला.

१९४७ साली ब्रिटिश पार्लमेंटनं पोलिश पुनर्वसन कायदा केला. त्यामुळे अँडर्सच्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये राहायची, नोकरी करायची, मदत मिळायची वाट मोकळी झाली. वळिवड्यातले बरेच लोक त्या वाटेनं गेले. ज्यांचं कुणी सैन्यात नव्हतं त्यांतल्या काहींना पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत जावं लागलं, काही पुढे ऑस्ट्रेलियाला, थोडे पोलंडला. १९४८ च्या सुरुवातीला वळिवडे कॅम्प रिकामा झाला. सायबेरिया सगळ्यांनी सारखाच भोगला होता. पण कायद्याच्या व्याख्येत कोण बसतं, यावर पुढचं आयुष्य ठरलं.

आता थोडं बाजूला बघू. पोलिश मुलं बालाचडीला आली ते वर्ष १९४२. त्याच वर्षी भारताच्या पूर्व टोकाला काय चाललं होतं?

जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसलं आणि तिथले लाखो भारतीय, म्हणजे तमिळ, तेलुगू, बंगाली, बिहारी, गुजराती, रंगूनच्या गोदीतले हमाल आणि पेढीवरचे कारकून, पायी भारताकडे निघाले. तमूवरून इंफाळकडे, डोंगर, चिखल, पटकी आणि मलेरिया यांतून. चार-पाच लाख लोक आले असं मानतात. हजारो वाटेतच मेले. गोऱ्यांना बऱ्या वाटा, वाहनं आणि विमानातल्या जागा, काळ्यांनी दुसऱ्या वाटेनं चालायचं, असा भेद तिथेही झाला. हे लोक तर आपलेच होते. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. परके कुणीच नव्हते. तरी त्यांच्यासाठी कुणी वळिवडे बांधलं नव्हतं.

त्यांच्यासाठी बोलणारे नव्हतेच असं मात्र नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचं खातं तेव्हा आपल्या यवतमाळच्या लोकनायक बापूजी अण्यांकडे होतं. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू यांनी हा प्रश्न लावून धरला. एप्रिल-मे १९४२ मध्ये अलाहाबादला काँग्रेसच्या बैठकीत या भेदभावावर ठराव झाला. आसामातल्या चहामळेवाल्यांच्या संघटनेनं मजूर आणि साहित्य देऊन वाटेवर छावण्या उभारल्या, त्यामुळे कितीतरी जीव वाचले. पण सगळं उशिरा आणि अपुरं. पुढच्याच वर्षी, १९४३ ला, बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि त्यात सुमारे तीस लाख माणसं गेली असं अभ्यासक मानतात.

म्हणून "आपल्याकडे अतिथी देवो भव होतं" एवढं म्हणून थांबता येत नाही. त्याच देशात, त्याच सरकारच्या राज्यात, त्याच वर्षी एका गटाला शाळा-दवाखाना मिळाला आणि दुसऱ्याला चिखलवाट. फरक माणुसकीतला नव्हता, तर कुणामागे दोस्तराष्ट्राचं सरकार, निधी, वकिली करणारी माणसं होती आणि कुणामागे नव्हती, यातला होता. कातडीच्या रंगाचाही होताच, ते कशाला लपवायचं?

दुसरं उदाहरण तर आपल्या अगदी दारातलं. हिटलरच्या जाचातून निसटलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यू १९३३ नंतर थोडे थोडे मुंबईत येऊ लागले होते. डॉक्टर, इंजिनिअर, संगीतकार. आकाशवाणीची ती ओळखीची सिग्नेचर ट्यून बांधणारे वॉल्टर कौफमन त्यांतलेच, १९३४ ला मुंबईत आलेले. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. नवा माणूस सरकारवर भार होणार नाही अशी हमी ही संस्था घ्यायची, तेव्हा व्हिसा मिळायचा. पुन्हा तेच, हमी आणि कागद.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं आणि सरकारनं जर्मन पासपोर्टवाल्या पुरुषांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून उचलून अहमदनगरच्या कॅम्पात टाकलं. त्यात नाझी होते आणि नाझींपासून पळालेले ज्यूही. तारेच्या एकाच कुंपणात! मग चौकशी समिती बसली, रिलीफ असोसिएशननं एकेका माणसाची बाजू मांडली, आणि बहुतेक ज्यूंना टप्प्याटप्प्यानं सोडलं. पुढे काही कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्याला देखरेखीखाली राहावं लागलं. पुरंदर किल्ल्यावर ट्रेकला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

अहमदनगर आणि वळिवडे यांच्यात अंतर किती? एक दिवसाचा प्रवास. दोन्हीकडे हिटलर आणि स्टालिन यांनी देशोधडीला लावलेली माणसं. एकीकडे शाळा, एकीकडे काटेरी तार. ठरवलं कुणी? पासपोर्टावरच्या शिक्क्यानं. आणि तो शिक्का चुकीचा न्याय करतोय, हे सांगणारी एक छोटी संस्था होती म्हणून ती माणसं सुटली.

आता परत वळिवड्याला येऊ. पोलिश गेले आणि बराकी रिकाम्या झाल्या, त्या फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली होती. सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना सरकारनं याच बराकींत आणून ठेवलं. त्या वस्तीचं पुढे गांधीनगर झालं. आज दक्षिण महाराष्ट्रातला कापड दुकानदार गांधीनगरला माल भरायला जातो, तेव्हा तो एका छावणीत उभा असतो. एकाच छपराखाली आधी पोलंडची आणि मग सिंधची माणसं राहिली.

पण या दोघांत एक फरक होता. सिंधी लोक आले ते नागरिक म्हणून. राज्यघटनेच्या सहाव्या कलमानं पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय केली. केंद्रात पुनर्वसनाचं वेगळं खातं निघालं. कल्याणजवळच्या पाच लष्करी छावण्यांत सुमारे लाखभर सिंधी राहिले, तिथे ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि ते उल्हासनगर झालं. निर्वासितांचे प्रश्न घेऊन भांडणारे डॉ. चोइथराम गिडवानी पहिल्या लोकसभेत ठाण्याचे खासदार होते. हाल कमी झाले का? अजिबात नाही. पाणी नाही, काम नाही, रोगराई, स्थानिकांचे टोमणे, सगळं सोसलं. पण मत होतं, हक्क होता, भांडायला जागा होती. म्हणून त्यांचं गांधीनगर झालं, आणि पोलिशांचा कॅम्प फक्त आठवण राहिला.

आता आजचं बघू. १९५१ साली जगानं निर्वासितांसाठी जिनिव्हाचा करार केला. भारतानं त्यावर सही केली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. त्या वेळचा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. मूळ करार युरोपपुरता विचार करत होता, फाळणीच्या लाखो माणसांना त्यात जागा नव्हती. पण मग आपण स्वतःचा कायदा करायला हवा होता, तोही केला नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जवळपास ऐंशी वर्षं चालला. त्याच्या लेखी पर्यटक, घुसखोर आणि जीव वाचवून आलेला माणूस, सगळे एकाच खान्यात. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. त्यातही निर्वासितासाठी स्वतंत्र खाना नाही. काही गटांना सरकारी आदेशानं सूट आहे. आदेश म्हणजे आज आहे, उद्याचं माहीत नाही.

आपण माणुसकी दाखवलीच नाही असं कुणी म्हणू नये. १९५९ नंतर तिबेटी आले. थंडीत तुमच्या-आमच्या गावात स्वेटर विकायला बसतात ते. त्यांची एक वसाहत तर आपल्याच गोंदिया जिल्ह्यात आहे, गोठणगावला, १९७२ पासून. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली, तेव्हा टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लागायचं निर्वासितांच्या मदतीसाठी. ज्यांनी त्या काळी पत्रं टाकली त्यांना आठवत असेल. गरिबातल्या गरिबानं ते पाच पैसे दिले. श्रीलंकेच्या तमिळांना तमिळनाडूनं वर्षानुवर्षं सांभाळलं.

पण प्रत्येक वेळी वेगळा नियम. कुणाला जमीन आणि ओळखपत्र, कुणाला छावणी, कुणाला दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचं एक कार्ड, जे स्थानिक पोलिसानं मानलं तर मानलं. कोण कुठून आला, कोणत्या धर्माचा, दिल्लीचे त्या देशाशी संबंध कसे, यावर सगळं.

मधे मधे कुणीतरी बाजू मांडतं आणि काहीतरी हलतं. अरुणाचलमधल्या चकमा लोकांना हुसकावण्याच्या धमक्या मिळत होत्या तेव्हा मानवी हक्क आयोग सुप्रीम कोर्टात गेला. १९९६ मध्ये कोर्टानं सांगितलं की जगण्याचा हक्क फक्त नागरिकांचा नाही, इथे असलेल्या प्रत्येक माणसाचा आहे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पुढाकारानं १९९७ साली निर्वासित कायद्याचा नमुना तयार झाला. शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. दोन्ही तिथेच राहिले.

इथे कमेंटमध्ये काय येणार ते माहीत आहे. "आधी आपल्या लोकांचं बघा." "उद्या कुणीही उठून येईल." "सुरक्षेचं काय?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यांना हसण्यावारी नेऊ नका. पण तिन्ही प्रश्न १९४२ लाही होते, आणि त्या वेळी देश याहून कितीतरी गरीब होता. आणि सुरक्षेचा प्रश्न असेल तर कायदा उलट जास्त हवा. अर्ज कुठे करायचा, चौकशी कोण करणार, किती दिवसांत, खोटा निघाला तर काय, खरा निघाला तर कुठले हक्क, हे ठरलेलं असेल तर 'नाही' म्हणायलासुद्धा आधार मिळतो. आत्ता काय होतं? खरा गांजलेला लपून राहतो आणि खोटा पैसे चारून कागद करतो. नाझी आणि ज्यू एकाच कुंपणात टाकण्याचाच हा प्रकार.

तर मंडळी, पुढच्या वेळी ती वळिवड्याची पोस्ट आली की जरूर फॉरवर्ड करा. महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ पोरांना दाखवा. पण सोबत एवढंही सांगा, की ती पाच हजार माणसं एका राजाच्या कृपेवर जगली नाहीत. मुंबईतल्या एका बाईनं ट्रक पाठवले, जामनगरच्या राजानं शब्द टाकला, धर्मगुरूंनी आणि व्यापाऱ्यांनी पैसे दिले, कोल्हापूर संस्थानानं जमीन दिली, शेजारच्या गावांनी सामावून घेतलं, आणि शेवटी एका पार्लमेंटनं कायदा केला. यातली एक कडी निसटली की काय होतं, ते ब्रह्मदेशच्या वाटेवर दिसलं.

आपण काही जामसाहेब नाही. पण आपल्या खासदाराला एक प्रश्न विचारायला जामसाहेब असावं लागत नाही: निर्वासितांसाठी आपल्या देशाचा कायदा कधी होणार? निवडणुकीत मत मागायला येतील तेव्हा विचारा. उत्तर काय मिळालं ते इथे कमेंटमध्ये लिहा. पक्ष कुठलाही असो, मी छापीन.